वाजवण्याआधीचे थांबणे : लहान मुलांमध्ये लयीची जाण कशी रुजवावी

भाद्रपद जवळ आला की मुठेच्या काठी संध्याकाळी ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू होतात, आणि त्याच सुमारास पुण्यातील कितीतरी घरांत तीन-चार वर्षांचे एखादे मूल पिठाच्या डब्यावर लाटणे आपटू लागते. घरातील मोठ्यांना त्यात एकतर डोकेदुखी दिसते, नाहीतर भावी वादक दिसतो. खरे पाहता ते मूल अजून आवाजाशी खेळत असते. लय यायची असते. आवाज काढण्यापासून लय धरण्यापर्यंतचा हा रस्ता घरी किंवा बालवाडीत कसा चालावा, हे पुढे सांगितले आहे. कोथरूडमधील एका सोसायटीच्या सभागृहात मी गेली काही वर्षे तीन ते आठ वर्षांच्या मुलांचा तालवर्ग घेते, आणि इथे लिहिलेले बहुतेक सारे त्या वर्गातच घासूनपुसून निघालेले आहे.

त्या वर्गाचा पहिला दिवस मी विसरू शकत नाही. बारा मुले होती आणि मी हौसेने बारा वाद्ये गोळा केली होती : खंजिऱ्या, झांजा, दोन डफल्या, चिपळ्या, एक जुनी ढोलकी. वाद्ये हातात पडताच पुढची वीस मिनिटे जे झाले त्याला ताल म्हणणे धाडसाचे ठरेल. एक मुलगी कानांवर हात ठेवून टेबलाखाली जाऊन बसली आणि शेवटपर्यंत बाहेर आली नाही. पुढच्या आठवड्यात मी सर्व वाद्ये कपाटात ठेवली, ती दीड महिना बाहेर काढली नाहीत, आणि त्या दीड महिन्यात मुले खऱ्या अर्थाने वाजवायला शिकली. तेव्हापासून माझा क्रम ठरून गेला आहे : आधी पाय, मग तोंड, मग हात आणि सर्वांत शेवटी वाद्य. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, मुलाला ठोका मारायला शिकवावे लागत नाही, ठोका न मारता थांबायला शिकवावे लागते. या लेखातील जवळजवळ प्रत्येक खेळ शेवटी त्या थांबण्याकडे जातो.

कोणत्या वयात किती अपेक्षा ठेवावी

नवजात बाळालाही ठोक्याची चाहूल असते. इश्तवान विंकलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हंगेरीत दोन-तीन दिवसांच्या बाळांना झोपेत ड्रमचा ठेका ऐकवून त्यांच्या मेंदूतील विद्युतक्रिया नोंदली होती. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ठेक्यातील पहिला, म्हणजे आपल्या भाषेत समेचा, ठोका गाळला की बाळांचा मेंदू त्याची दखल घेताना दिसला. म्हणजे जी मात्रा, म्हणजे लयीतील ठोक्याची एक जागा, वाजलीच नाही तिची उणीव जाणवण्याची क्षमता मूल जन्मतःच घेऊन येते. परंतु लय ऐकू येणे वेगळे आणि हातापायांनी तिच्याबरोबर राहणे वेगळे. दोन वर्षांचे मूल गाणे लागले की डोलते, गुडघ्यांत वाकून उसळते, पण त्याचे उसळणे गाण्याच्या मात्रेवर क्वचितच पडते, आणि तसे पडावे अशी अपेक्षाही धरू नये. साडेतीन-चारच्या सुमारास मूल मोठ्यांबरोबर चार-सहा मात्रा नीट धरते, मग सुटते, पुन्हा पकडते. पाच-सहा वर्षांची बहुतेक मुले मिनिटभर स्थिर राहू शकतात. एकाने लय धरायची आणि दुसऱ्याने तिच्यावर वेगळे काही वाजवायचे, हा दोन पदरांचा खेळ सहा-सात वर्षांच्या आधी साधत नाही.

२००९ मध्येच प्रसिद्ध झालेला आणखी एक प्रयोग पालकांच्या थेट उपयोगाचा आहे. लाइपझिग येथील सेबास्टियन किर्शनर आणि मायकेल टोमासेलो यांनी अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या मुलांना तीन परिस्थितींत ढोल वाजवायला दिला : समोर वाजवणाऱ्या माणसाबरोबर, आपोआप वाजणाऱ्या यंत्राबरोबर आणि नुसत्या ध्वनिक्षेपकातून येणाऱ्या आवाजाबरोबर. तिन्ही वयांची मुले माणसाबरोबर अधिक नेमकी वाजवत होती. म्हणून मोबाइलमधील तबल्याचे किंवा मेट्रोनोमचे ॲप लावून मुलाला त्याच्यापुढे बसवण्यात फारसा अर्थ नाही. त्याच्यासमोर मांडी घालून आपण बसावे, डोळ्याला डोळा भिडवावा आणि टाळी द्यावी. आपल्याला संगीत येत नाही अशी सबब यासाठी चालणार नाही, कारण चालता येणाऱ्या प्रत्येकाला यापुरती लय येते.

आधी पाय

पहिले दोन आठवडे फक्त चालावे. मुलाचा हात न धरता त्याच्या शेजारून चालावे, आणि सुरुवातीला त्याला आपल्या लयीत ओढण्याऐवजी आपण त्याच्या लयीत जावे. मुलाची पावले मोठ्यांपेक्षा जलद पडतात. त्याच्या प्रत्येक पावलाबरोबर आपण हलकेच ‘ता, ता, ता, ता’ म्हणत राहिलो की थोड्या वेळाने त्याच्या लक्षात येते की हा आवाज आपल्याच पायांतून निघतो आहे. मग ते मुद्दाम थांबते, आपला आवाज थांबतो का ते पाहते आणि हसून पुन्हा चालू लागते. लयीचा पहिला धडा इथे पूर्ण झाला असे समजायला हरकत नाही.

इथे मोठ्यांची एक समजूत आड येते. अवघड गोष्ट सोपी करायची असेल तर ती सावकाश करावी, असे आपल्याला वाटते आणि आपण मुलांसाठी टाळी विलंबित लयीत देऊ लागतो. मुलांना तेच सर्वांत कठीण जाते, कारण दोन टाळ्यांमधील मोकळी जागा जितकी लांब तितकी ती मनात मोजून धरणे अवघड होते. गाण्याची तालीम केलेल्या मोठ्या माणसांनाही विलंबित लय सांभाळायला वर्षे लागतात. मी वर्गात मिनिटाला साधारण ११० ते १३० मात्रांवर सुरुवात करते आणि मुले तिथे स्थिरावली की आठवड्या-आठवड्याने थोडी खाली येते. घड्याळाच्या सेकंदकाट्याच्या दोन टिकटिकींमध्ये दोन टाळ्या, इतका अंदाज घरी पुरेसा आहे.

चालणे जमले की त्यात थांबे घालावेत. चार पावले चालायचे, चार मात्रा उभे राहायचे, पुन्हा चार पावले. उभे राहण्याच्या चार मात्रा सुरुवातीला आपण मोठ्याने मोजाव्यात, मग कुजबुजत आणि मग मनात. बहुतेक मुले तिसऱ्या मात्रेलाच निघतात. त्यांना चुकलास असे म्हणू नये. आपण आपल्या वेळेवरच निघावे. चार-पाच वेळा आपल्यापुढे एकटे धावून गेल्यावर मूल आपणहून वाट पाहू लागते.

ज्येष्ठाच्या उत्तरार्धात दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामी येतात तेव्हा मुलांना एखाद्या दिंडीजवळ नेऊन थोडा वेळ उभे करावे. टाळाचा आवाज आणि वारकऱ्यांची पावले एकमेकांत कशी गुंफलेली असतात, हे तिथे एका दृष्टिक्षेपात दिसते आणि ते समजावून सांगण्याची गरज उरत नाही. गर्दीच्या रस्त्यांपेक्षा नाना पेठेत किंवा भवानी पेठेत मुक्कामाच्या ठिकाणी चाललेले भजन लहान मुलांसाठी अधिक सोयीचे असते.

मग तोंड

आपल्याकडे तबल्याचे शिक्षण हातांइतकेच तोंडाने चालते. बोल आधी म्हणायचे, हाताने टाळी-खाली द्यायची आणि मग ते वाजवायचे, या रीतीला पढंत म्हणतात, आणि लहान मुलांसाठी याहून चांगली पद्धत मला सापडलेली नाही. मात्र तीन-चार वर्षांच्या मुलाला ‘धा धिं धिं धा’ म्हणायला लावण्याआधी त्याच्या ओळखीचे शब्द घ्यावेत. मंडईतून आणलेली भाजी ओट्यावर काढताना हा खेळ उत्तम होतो. ‘भेंडी’ला दोन टाळ्या, ‘बटाटा’ला तीन, ‘साबुदाणा’ला चार. मुलाने हातात भाजी घ्यायची, तिचे नाव म्हणायचे आणि जितके तुकडे ऐकू येतील तितक्या टाळ्या द्यायच्या.

अक्षरे ओळखू लागलेल्या मुलांच्या बाबतीत इथे एक गंमत होते. ‘चकली’ला ती तीन टाळ्या देतात, कारण लिहिताना तीन अक्षरे दिसतात. पण मराठी माणूस बोलताना ‘चक-ली’ असेच म्हणतो आणि टाळ्या दोनच पडतात. ‘भाकरी’चेही तसेच आहे. अशा वेळी डोळे मिटायला सांगावे आणि शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लावावा. कान डोळ्यांच्या पुढे गेला की टाळी आपोआप बरोबर पडते. माझ्या वर्गातील पहिलीची मुले या एका शब्दावर दहा मिनिटे वाद घालतात आणि मी तो वाद मिटवत नाही.

शब्दांचे तुकडे हाती आले की ते समान मात्रांवर बसवावेत. चार मात्रांचे घर धरावे आणि त्यात ‘ब-टा-टा’ आणि एक रिकामी मात्रा, असे सतत म्हणत राहावे. रिकाम्या मात्रेला दोन्ही तळहात उघडून दाखवावेत. मुले स्थिरावली की दुसऱ्या फेरीत शेवटचा ‘टा’ तोंडाने म्हणायचा नाही, म्हणजे दोन मात्रा बोलक्या आणि दोन मुक्या. त्यापुढील फेरीत फक्त ‘ब’ उरतो आणि तीन मात्रा मुक्या होतात. शेवटी पूर्ण चार मात्रांची एक फेरी मनातल्या मनात म्हणायची आणि पुढच्या ‘ब’वर सगळ्यांनी एकदम यायचे. हा ‘ब’ सर्वांचा एकाच क्षणी पडला की वर्गात जो आनंद होतो तो बारा वाद्यांनी कधी झाला नव्हता. आधी येणाऱ्या मुलाला बाद करू नये. बाद होण्याची भीती असलेले मूल लयीकडे लक्ष देत नाही, शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहून वाजवू लागते.

हात आणि खाली

आपडी-थापडीसारखे टाळ्यांचे जुने खेळ आपल्याकडे आहेतच, आणि ते मागे पडले असतील तर आजीला विचारावे. पुस्तकातून वाचून ते जमत नाहीत. समोरासमोर बसून तळहातावर तळहात मारताना दुसऱ्याचा हात येईपर्यंत थांबावे लागते, हा त्या खेळांतील खरा भाग आहे. तीन वर्षांच्या मुलासाठी आपण हात स्थिर ठेवून त्याला मारू द्यावे. चार-पाच वर्षांच्या मुलाबरोबर स्वतःच्या मांडीवर एक थाप आणि समोरच्याच्या हातावर एक टाळी, अशी जोडी धरावी. मांडी, टाळी, समोरचा हात आणि मोकळी मात्रा, ही चारांची रचना पाचव्या वर्षाच्या पुढे जमते.

याच टप्प्यावर मी मुलांना ‘खाली’ हा शब्द देते. हिंदुस्थानी तालात काही मात्रा टाळीने दाखवतात आणि काही हात उलटा, मोकळा करून दाखवतात. त्या मोकळ्या हाताच्या मात्रेला खाली म्हणतात. तीनतालात १६ मात्रा, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी आणि नवव्या मात्रेला खाली असते. त्या खालीच्या आसपास डग्ग्याचा, म्हणजे जोडीतील घुमणाऱ्या वाद्याचा, घुमारा काही मात्रा हरपतो आणि नुसता तबला बोलत राहतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला डोळे मिटूनही आवर्तनात, म्हणजे तालाच्या एका पूर्ण फेरीत, आपण कुठे आहोत ते कळते. न वाजलेल्या आवाजाने जागा दाखवायची, ही आपल्या तालाची केवढी सुंदर युक्ती आहे, आणि ती मुलांपासून लपवून ठेवण्याचे काही कारण नाही.

लहानांसाठी १६ मात्रा लांब होतात, म्हणून केरवा तालाचे आठ मात्रांचे घर घ्यावे. पहिल्या मात्रेला टाळी, पाचव्या मात्रेला खाली, आणि मधल्या मात्रा अंगठ्याने बोटांच्या पेरांवर मोजायच्या. नुसता हात उलटा करणे मुलांना बेचव वाटते आणि ती खाली विसरतात. त्यावर मी शोधलेला उपाय असा की पाचव्या मात्रेला आपल्या उघड्या तळहातावर हलकी फुंकर घालायची. फुंकर ही एक क्रिया असते पण तिचा ठोका ऐकू येत नाही, त्यामुळे रिकाम्या मात्रेला अंग मिळते. महिनाभराने फुंकर सोडून नुसता हात उलटा करायला सांगावे. तोवर ती जागा मुलांच्या मनात पक्की झालेली असते.

सहा मात्रांचा दादरा ताल मुलांना पायांनी चालून कळत नाही. तो झोपाळ्यावर कळतो. झोपाळा पुढे जाताना ‘धा धिं ना’ आणि मागे येताना ‘धा तिं ना’ असे म्हणत राहावे, मागे वळण्याच्या क्षणाला चौथी मात्रा म्हणजे खाली येते. झोपाळा नसेल तर मुलाला मांडीवर घेऊन पुढेमागे झुलवले तरी चालते.

वाद्ये काढण्याची वेळ

इतके सारे झाल्यावर, म्हणजे वर्गात साधारण दीड-दोन महिन्यांनी, वाद्ये बाहेर काढावीत, आणि तीही एका वेळी एकाच प्रकारची. सुरुवात टिपऱ्यांनी किंवा करवंट्यांनी करावी. दोन करवंट्या काथ्या काढून, कडा पॉलिश पेपरने घासून घेतल्या की त्यांचा आवाज खणखणीत आणि आखूड येतो. ठोका जिथे पडला तिथेच संपतो, म्हणून मुलाला आपली चूक आणि आपला नेमकेपणा दोन्ही ऐकू येतात. खुळखुळा मात्र सर्वांत सोपा समजून आधी देतात, तो मी सर्वांत शेवटी देते. डबीतले तांदूळ हात थांबल्यावर मग भिंतीला आपटतात, त्यामुळे आवाज हातामागून येतो आणि तोही पसरट. नुकती लय धरू लागलेल्या मुलाला त्यात आपली मात्रा सापडत नाही. खुळखुळे घरी करायचे असतील तर तांदूळ, साबुदाणा आणि राजमा वेगवेगळ्या डब्यांत भरून त्यांचे आवाज ओळखण्याचा खेळ करावा, तो छान होतो. झाकण चिकटपट्टीने पक्के बंद करावे, आणि तीन वर्षांखालील मुलांच्या हाती असा डबा एकट्याने देऊ नये, कारण दाणे नाकात किंवा घशात जाण्याचा धोका खरा आहे.

चर्मवाद्याच्या जागी पालथी बादली, पुठ्ठ्याचे खोके किंवा रिकामा पिठाचा डबा चालतो. सोसायटीत राहणाऱ्यांनी डब्याखाली चादरीची जाड घडी घालावी. खालच्या मजल्यावरील शेजारी दुपारी झोपलेले असतात आणि मुलाच्या संगीतशिक्षणाचे भवितव्य काही अंशी त्यांच्याही हाती असते. काठीऐवजी सुरुवातीला हातच वापरू द्यावा. तळहाताने मध्यभागी थाप मारली की आवाज भरीव येतो आणि बोटांनी कडेला मारले की पातळ येतो, हा फरक मूल आपोआप शोधते, आणि डग्गा व तबला यांच्या आवाजांतील नाते त्याला नकळत कळून जाते. टाळ द्यायचे झाल्यास लहान आकाराचे घ्यावेत आणि वाजवून खुले सोडणे व वाजवून मिटणे, असे दोन आवाज शिकवावेत. मिटलेला टाळ म्हणजे पुन्हा आपली खालीच.

वाद्य हाती आल्यावर जी अडचण प्रत्येक वर्गात येते ती अशी : मुलांना जोरात आणि जलद यांतील फरक कळत नाही. ‘मोठ्याने वाजवा’ म्हटले की लय पळते, आणि ‘हळू’ म्हटले की काही मुले सावकाश वाजवतात आणि काही बारीक आवाजात, कारण मराठीत ‘हळू’चे दोन्ही अर्थ होतात. मी वर्गात ‘हळू’ हा शब्दच बंद केला आहे. आवाजासाठी ‘मोठा’ आणि ‘बारीक’, लयीसाठी ‘भरभर’ आणि ‘सावकाश’, असे चार शब्द ठरवून घेतले आणि निम्मा गोंधळ संपला. उरलेला निम्मा मोडण्यासाठी मांजर आणि हत्तीचा खेळ घ्यावा. मांजर भरभर चालते पण पावले बारीक वाजतात, हत्ती सावकाश चालतो पण पावले मोठी वाजतात. हे जमल्यावर उलट करावे : भरभर चालणारा हत्ती आणि सावकाश चालणारी मांजर. बारीक आवाजात आणि सावकाश लयीत स्थिर राहणारे मूल पुढे काहीही वाजवू शकते.

कसब्यातील तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांवर मठारकाम चालते. भांड्यावर हातोडीचे ठोके शेजारी शेजारी, एकसारखे पडावे लागतात, आणि कारागिराचा हात ज्या संथ, न पळणाऱ्या लयीत चालतो ती मुलांना ऐकवावी. माझ्या वर्गातील मुले तिथून आली की आठवडाभर टिपऱ्या निराळ्याच सुरेखपणे वाजवतात. कारागिरांच्या कामात अडथळा येणार नाही अशा बेताने, तीन-चार मुलांनाच घेऊन जावे.

कान सांभाळण्याविषयी

ढोल-ताशाची लय पुण्यातील मुलांच्या रक्तात भिनते हे खरे असले तरी पथकाच्या पुढ्यात उभे राहणे लहान कानांना मानवत नाही. विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावरील आवाज सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठाकडून (पूर्वीचे अभियांत्रिकी महाविद्यालय) मोजला जातो, आणि करोनाची वर्षे सोडता अलीकडे बहुतेक वर्षी त्याची सरासरी ९० डेसिबलच्या पुढे राहिली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ऐकण्याच्या उपकरणांसाठी मुलांपुरती जी मर्यादा सुचवली आहे ती आठवड्याला ४० तास ७५ डेसिबल अशी आहे. दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मा होतो, या हिशेबाने ९० डेसिबलला आठवड्याभरात जेमतेम सव्वा तास उरतो आणि १०२ डेसिबलला पाच मिनिटेही उरत नाहीत. मुलाला पथक दाखवायचे असेल तर दूर, एखाद्या गल्लीच्या तोंडाशी उभे राहावे आणि कान झाकणारे मफ घालावेत. वर्गातही पत्र्याच्या डब्यांवर सळया वाजवू देऊ नयेत, आणि आपल्याला आवाज चढवल्याशिवाय बोलता येईना की वाजवणे थांबवावे.

रोज किती वेळ द्यावा, हे पालक हमखास विचारतात. चार वर्षांच्या मुलाला सात-आठ मिनिटे, सहा वर्षांच्या मुलाला बारा-पंधरा, पण रोज. रविवारी एकदम तासभर बसवून काही साधत नाही.

सहा-सात वर्षांची मुले

या वयात दोन गट करावेत. एका गटाने टिपऱ्यांवर नुसती मात्रा धरायची आणि दुसऱ्याने डब्यांवर शब्द वाजवायचे. मात्रा धरणाऱ्या गटाचे काम कंटाळवाणे वाटते, म्हणून ते आळीपाळीने सर्वांना द्यावे, आणि सर्वांत स्थिर मुलाला नेहमी तिथेच बसवण्याचा मोह टाळावा. ज्याची लय पळते त्यालाच त्या जागेची जास्त गरज असते, फक्त त्याच्या शेजारी आपण बसावे.

मग तिहाई द्यावी. एक तुकडा तीनदा म्हणून तिसऱ्या वेळी बरोबर समेवर येणे, म्हणजे तिहाई. आठ मात्रांच्या घरात समेपासून ‘बटाटा बटाटा बटाटा’ असे प्रत्येक तुकड्याला एक मात्रा देत म्हटले की नऊ मात्रा होतात, आणि शेवटचा ‘टा’ पुढच्या आवर्तनाच्या समेवर पडतो. सोळा मात्रांसाठी माझ्या वर्गातील लाडकी तिहाई ‘शिवाजीनगर’ आहे. बोलताना त्याचे ‘शि-वा-जी-न-गर’ असे पाच तुकडे होतात. समेपासून सुरू करून तो शब्द तीनदा म्हणायचा, आणि दर दोन शब्दांच्या मध्ये एक मात्रा थांबायचे : पाच, एक, पाच, एक, पाच मिळून सतरा, म्हणजे शेवटचा ‘गर’ समेवर. मुले घाईत मधल्या दोन मात्रा खातात आणि समेच्या दोन मात्रा आधीच घरी पोहोचतात. तेव्हा पुन्हा फुंकर आणावी. दोन शब्दांच्या मध्ये तळहातावर एक एक फुंकर, की तिहाई जागच्या जागी बसते.

तबल्याच्या वर्गाला केव्हा घालावे, याचे उत्तर मी वयावर देत नाही. सर्वसाधारणपणे सहाव्या-सातव्या वर्षाच्या आधी बोटांना शाईवर, म्हणजे तबल्याच्या मधल्या काळ्या गोलावर, आणि किनारीवर वेगवेगळा आघात करण्याइतका ताबा नसतो, आणि चुट्ट्यावर, म्हणजे खालच्या गोल बैठकीवर, ठेवलेल्या डग्ग्यापर्यंत हात पुरवताना खांदा उचलला जातो. पण मूल आठ मात्रा मनात धरून समेवर येऊ शकते का, हे पाहणे अधिक उपयोगी आहे. वर्ग निवडताना एक दिवस कोपऱ्यात बसून पाहावे. गुरुजी मुलांकडून बोल म्हणवून घेत असतील, हाताने टाळी-खाली देववत असतील आणि एखाद्याची लय पळाली तर वाजवणे थांबवून पुन्हा पढंतीवर नेत असतील, तर निःशंकपणे नाव घालावे. पहिल्याच महिन्यात प्रारंभिकची, म्हणजे तबल्याच्या पहिल्या परीक्षेची, गोष्ट निघाली तर वर्षभर थांबायला हरकत नाही.

तबला घरात आल्यावर पहिले काही महिने तो रोज उघडलाच पाहिजे असे नाही. पुडीवरचे, म्हणजे तबल्याच्या कातड्यावरचे, झाकण काढायला वेळ झाला नाही अशा संध्याकाळी स्वारगेटच्या थांब्यावर बसची वाट पाहताना मूल एका हाताच्या पेरांवर मात्रा मोजत आणि नवव्या मात्रेला हात उलटा करत तीनताल म्हणू शकते, आणि बस आवर्तनाच्या मध्येच आली तर सम येईपर्यंत पायरीवर पाय ठेवू नये, एवढीच अट आमच्याकडे असते.